सेस्ट आणि एपीटी एमआरआय: कोकणातून नेहमी येणारे प्रश्न

माझं गाव दाभोळच्या खाडीवर आणि काम एमआरआयच्या भौतिकीतलं. त्यामुळे घाट चढून कोल्हापूरला किंवा रेल्वेने मुंबईला स्कॅनसाठी गेलेल्या माणसांचे फोटो, रिपोर्ट आणि प्रश्न माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. पूर्वी विचारणा व्हायची ती "कॉन्ट्रास्ट" या शब्दाची. आता रिपोर्टात "एपीटी" दिसायला लागलंय आणि सोबत एक रंगीत चित्र असतं. ते रंग पाहून माणसं एकतर फार घाबरतात, नाहीतर उगाच निर्धास्त होतात. परत परत आलेले प्रश्न इथे एकत्र लिहिलेत. सुरुवातीचे सगळ्यांसाठी, मधले पेशंटच्या घरच्यांसाठी, शेवटचे टेक्निशियन आणि विद्यार्थ्यांसाठी. मी डॉक्टर नाही, तेव्हा कोणाच्या फिल्मचं निदान इथे सापडणार नाही.

१. सेस्ट एमआरआय म्हणजे साध्या एमआरआयपेक्षा वेगळं काय?

मशीन तेच, बोगदा तोच, ठोकाठोकीचा आवाजही तोच. फरक आहे तो कशाचं चित्र निघतं यात. साधा एमआरआय मुख्यतः शरीरातल्या पाण्याचं चित्र काढतो. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबकात हे प्रोटॉन साधारण १२८ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात आणि त्यांच्या सिग्नलवरून चित्र तयार होतं. प्रोटीन, क्रिएटिन, ग्लुटामेट यांच्यातही हायड्रोजन असतोच, पण पाण्यापुढे तो इतका थोडा की त्याचा आवाज ऐकूच येत नाही.

सेस्ट या थोडक्या हायड्रोजनपर्यंत आडवाटेने पोचतो. त्यातले काही प्रोटॉन पाण्यातल्या प्रोटॉनशी सतत जागा बदलत असतात. त्यांना आधी खूण करायची आणि ती खूण पाण्यात किती उतरली ते मोजायचं. पूर्ण नाव केमिकल एक्स्चेंज सॅच्युरेशन ट्रान्स्फर. त्यातला दवाखान्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे अमाइड प्रोटॉन ट्रान्स्फर, म्हणजेच तुमच्या रिपोर्टातला एपीटी.

२. प्रोटॉनची अदलाबदल होते म्हणजे शरीरात काही बिघडलंय का? की मशीनमुळे होते?

दोन्ही नाही. ही अदलाबदल जन्मापासून चालू असते, मशीन बंद असतानाही. नायट्रोजनला किंवा ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन तिथे कायमचा राहत नाही. तो निघून पाण्यात जातो आणि पाण्यातला दुसरा त्याच्या जागी येतो. कार्बनला चिकटलेला मात्र जागचा हलत नाही, म्हणून तो या पद्धतीच्या हिशेबात असा थेट येत नाही.

वेग प्रत्येकाचा वेगळा. मेंदूतल्या प्रोटीनच्या अमाइड गटातला प्रोटॉन सेकंदाला साधारण ३० वेळा बदलतो. ग्लुटामेटच्या अमाइन गटातला काही हजार वेळा. साखरेच्या हायड्रॉक्सिल गटातलाही असाच घाईतला. हा वेगच पुढच्या बहुतेक उत्तरांची किल्ली आहे.

३. इतक्या थोड्या हायड्रोजनचा पत्ता एवढ्या पाण्यात कसा लागतो? ताई, सोपं करून सांगा.

दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. दिवस शिमग्याचे. दाभोळच्या बाजूला १० हजार माणसं जमलीत, ती म्हणजे पाणी. पलीकडे धोपाव्याच्या धक्क्यावर एका वेळी जेमतेम सहा-सात माणसं मावतात, ती म्हणजे प्रोटीनचे अमाइड प्रोटॉन. मेंदूतलं खरं प्रमाणही जवळपास असंच आहे. पाण्याचे प्रोटॉन सुमारे ११० मोलर, तर अदलाबदल करणारे अमाइड सुमारे ७० मिलिमोलर.

विमानातून फोटो काढला तर १० हजारांपुढे ही सहा-सात माणसं दिसणारच नाहीत. पण समजा, धोपाव्याच्या धक्क्यावर पोरं गुलाल घेऊन उभी आहेत आणि उतरेल त्याला रंगवताहेत. रंगलेला माणूस लगेच परत दाभोळला येतो, त्याच्या जागी कोरा माणूस जातो आणि तोही रंगून येतो. सेकंदाला ३० फेऱ्या झाल्या की सेकंदाला जवळजवळ १९० माणसं रंगून दाभोळला उतरणार. गुलाल कायम टिकत नाही, एक-सव्वा सेकंदात उडतो. त्यामुळे काही वेळाने दाभोळात साधारण २५० रंगलेली माणसं कायम दिसत राहतील. १० हजारांत २५०, म्हणजे अडीच टक्के. सहा-सात माणसांनी अडीचशेंची खूण सोडली. मोजायला एवढं पुरतं.

आता या गोष्टीतली नावं बदला. गुलाल लावणं म्हणजे सॅच्युरेशन, अमाइडच्याच वारंवारितेची रेडिओलहर एक-दोन सेकंद चालू ठेवून त्या प्रोटॉनचा सिग्नल मारून टाकणं. गुलाल उडणं म्हणजे पाण्याचं टी-वन रिलॅक्सेशन, पाण्याचे प्रोटॉन आपोआप पूर्वस्थितीला येणं. आणि दाभोळातली रंगलेली माणसं म्हणजे पाण्याच्या सिग्नलमध्ये आलेली घट. एपीटी ही घट मोजतो. प्रोटीन त्याला थेट कधीच दिसत नाही.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, कारण पुढे रंगांच्या प्रश्नात ती लागणार आहे. दाभोळात गुलाल जास्त दिसला तर पलीकडे माणसं जास्त मावत असतील, किंवा फेऱ्या जलद होत असतील, किंवा गुलाल जास्त वेळ टिकत असेल. नुसत्या गुलालावरून यातलं कोणतं, ते कळत नाही.

४. रिपोर्टमध्ये "३.५ पीपीएम" लिहिलंय. हे काय मोजलं?

ते मोजमाप नाही, तो धोपाव्याच्या धक्क्याचा पत्ता आहे. अमाइडचे प्रोटॉन पाण्याच्या वारंवारितेपासून दर दहा लाखांमागे साडेतीन भाग दूर असतात. ३ टेस्लावर १ पीपीएम म्हणजे १२८ हर्ट्झ, म्हणून अंतर होतं ४४८ हर्ट्झ. १.५ टेस्लावर तेच अंतर साधारण २२४ हर्ट्झ. धक्के जवळ आले की चुकीच्या माणसांना रंग लागण्याची भीती वाढते.

५. हे कोणी शोधलं? किती जुनं आहे?

मूळ कल्पना १९६३ची. फोर्सेन आणि हॉफमन यांनी एनएमआरमध्ये (एमआरआय ज्यातून निघाला ते प्रयोगशाळेतलं तंत्र) एका जागचा सिग्नल मारून तो दुसऱ्या जागी उतरतो हे दाखवलं. १९९० मध्ये वुल्फ आणि बालाबान यांनी अदलाबदल करणाऱ्या प्रोटॉनचं चित्र काढलं. सेस्ट हे नाव २००० साली वॉर्ड, अलेट्रास आणि बालाबान यांनी दिलं. २००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या झू, व्हॅन झाइल आणि सहकाऱ्यांनी शरीराच्या स्वतःच्या प्रोटीनवरून एपीटीची चित्रं काढली, आणि तिथून दवाखान्याची वाट उघडली. योगायोग असा की एमआरआयबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं तेही २००३ मध्येच.

६. "आवशीच्या फिल्मीत लाल डाग दिसता. घाबरूचा काय?"

हा प्रश्न मला याच शब्दांत मालवणहून आला होता आणि यानंतर निरनिराळ्या शब्दांत कितीतरी वेळा आला.

आधी रंग समजून घ्या. मेंदूच्या एपीटी चित्राची पट्टी बहुधा उणे ५ टक्क्यांपासून अधिक ५ टक्क्यांपर्यंत लावलेली असते. शून्याच्या आसपास हिरवा, वर पिवळा आणि लाल, खाली निळा. निरोगी मेंदू बराचसा हिरवट दिसतो. तेव्हा लाल म्हणजे "तिथे पाण्याच्या सिग्नलमधली असमान घट जास्त", इतकंच (असमान आणि उणे कसं, ते प्रश्न १६ मध्ये). रंग संगणकाने भरलेले असतात. मेंदू आतून लाल झालेला नसतो, हेही एका आजोबांना समजावून सांगावं लागलं होतं.

लाल होण्याची कारणं अनेक. वाढणाऱ्या गाठीत पेशींची दाटी असते, सुटी प्रोटीनं जास्त असतात आणि पेशींच्या आतलं वातावरणही किंचित अल्कधर्मी असतं, म्हणून फेऱ्या वाढतात. उच्च श्रेणीचा ग्लायोमा (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) कमी श्रेणीच्या ग्लायोमापेक्षा सहसा जास्त लाल दिसतो. पण ताजा रक्तस्रावही लाल दिसतो, कारण रक्त म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेला द्रव. प्रोटीनयुक्त पाणी साचलेली पिशवी लाल दिसते. मोठ्या रक्तवाहिन्या लाल दिसू शकतात. आणि नाकाच्या पोकळीच्या वर, कानाच्या हाडाजवळ, दाताला धातू असेल तर त्याच्या आसपास निव्वळ चुंबकीय गडबडीमुळेही लाल पट्टे उठतात.

म्हणून रेडिओलॉजिस्ट लाल डाग एकटा कधीच वाचत नाहीत. त्याच जागी एमआरआयचीच बाकीची चित्रं, म्हणजे टी-टू, फ्लेअर, डिफ्युजन, रक्तासाठीचा एसडब्ल्यूआय आणि डाय (कॉन्ट्रास्ट) दिल्यानंतरचं चित्र काय म्हणतं ते शेजारी ठेवून बघतात. तुमच्याकडे फक्त रंगीत चित्राचा मोबाइलवरचा फोटो असेल, तर त्यावरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. पूर्ण सीडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

७. मग एपीटी हिरवा आला म्हणजे गाठ नाही ना?

नाही, असा अर्थ होत नाही. कमी श्रेणीची गाठ एपीटीवर आजूबाजूच्या मेंदूसारखी दिसू शकते. हिरव्या रंगाने कोणाची शस्त्रक्रिया रद्द होत नाही.

८. बाबांना लाइट देऊन झाल्या. सहा महिन्यांनी परत डाग दिसतोय. गाठ परत आली की लाइटचा परिणाम, हे एपीटीवरून कळेल?

एपीटीचा सगळ्यात मोलाचा उपयोग इथेच आहे. रेडिएशननंतर मेलेला भागही डाय घेतो, आणि परत वाढलेली गाठही घेते. नेहमीच्या चित्रावर दोन्ही सारखीच चकाकतात. पण मेलेल्या भागात पेशी नाहीत, सुटी प्रोटीनं कमी, म्हणून एपीटी खाली राहतो. जिवंत गाठीत तो वर जातो. २०११ मध्ये उंदरांच्या मेंदूवर हा फरक स्पष्ट दाखवला गेला आणि पुढे पेशंटमध्येही त्याच दिशेचे निष्कर्ष आले.

अडचण मिश्रणाची. माणसाच्या मेंदूत एकाच डागात अर्धा भाग मेलेला आणि अर्धा जिवंत असू शकतो. मेलेला भाग विरघळून घट्ट द्रव झाला असेल तर तोही लाल होतो (प्रश्न ६ पाहा). म्हणून डॉक्टर एपीटीच्या जोडीला परफ्युजन (रक्तपुरवठ्याचं चित्र) मागतात, कधी दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगतात, आणि तरीही शंका राहिली तर तुकडा काढून तपासतात. पुन्हा स्कॅनला जाणार असाल तर शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर जा. कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

९. अर्धांगवायूच्या झटक्यात एपीटी करतात का?

झटक्यात रक्त अडलं की त्या भागात आम्ल साठतं. अमाइडची अदलाबदल आम्लात मंदावते. मेंदूच्या नेहमीच्या ७.१ पीएचला सेकंदाला साधारण २८ फेऱ्या होत असतील, तर पीएच ०.५ ने उतरून ६.६ झाला की त्या ९ वर येतात. प्रोटीन तेवढंच, बोट मात्र हळू. म्हणून तो भाग निळा दिसतो. मेंदूचा कोणता भाग अजून वाचण्यासारखा आहे याचा अंदाज यातून येईल, म्हणून संशोधकांना ही पद्धत फार खुणावते.

पण तुमच्या घरात कोणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर एपीटी कुठे होतो ते शोधत बसू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि आपल्याकडे घाटातच दोन तास जातात. जिथे सीटी आहे अशा सगळ्यात जवळच्या दवाखान्यात न्या.

१०. आम्लाचा परिणाम होतो म्हणता, मग स्कॅनच्या आदल्या दिवशी सोलकढी, कोकम, आंबट बंद करायचं का?

खुशाल प्या. पोटात काहीही गेलं तरी रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात शरीर स्वतःच राखतं, मेंदूचा तर त्याहून जपून. आगळाचा पेला तिथपर्यंत पोचत नाही. उपाशी राहायला सांगितलं असेल तर ते डायसाठी किंवा भूल देणार असतील म्हणून, एपीटीसाठी नव्हे. अपवाद एकच, शिरेतून ग्लुकोज देऊन केला जाणारा ग्लुकोसेस्ट. तो अजून संशोधनातच आहे आणि तिथे उपवास लागतो.

११. वडिलांची किडनी कमजोर आहे, डाय नको म्हणाले. एपीटीत डाय लागत नाही ना? मग तोच करू या.

लागत नाही हे खरं. खूण शरीराच्या स्वतःच्या प्रोटीनवरच होते. पण एपीटी डायची जागा घेत नाही. गॅडोलिनियमची डाय रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा कुठे फाटलाय ते सांगते, एपीटी वेगळं काही सांगतो. काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे किडनीच्या तपासण्या (क्रिएटिनिन आणि ईजीएफआर) बघून डॉक्टर ठरवतील. आणि दोन्ही करायचे असतील तर एपीटी आधी, डाय नंतर. डाय गेली की पाण्याचा टी-वन आखूड होतो, म्हणजे गुलाल लवकर उडतो आणि आकडा बदलतो.

१२. दोन वर्षांपूर्वीच्या एमआरआयची सीडी आहे. तिच्यावरून एपीटी काढून मिळेल का?

नाही. गुलाल स्कॅन चालू असतानाच लावावा लागतो. तेव्हा लावला नसेल तर सीडीत तो कुठूनही निघणार नाही. जुनी सीडी टाकू मात्र नका, तुलनेसाठी डॉक्टरांना ती लागते.

१३. सगळ्या एमआरआय मशीनवर होतो का? किती वेळ लागतो?

घाट चढण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा. मशीन ३ टेस्लाचं आहे का, आणि त्यावर एपीटीचं सॉफ्टवेअर घेतलेलं आहे का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असं बऱ्याचदा होतं. १.५ टेस्लावर धक्के जवळजवळ येतात (प्रश्न ४) आणि गुलालही लवकर उडतो, म्हणून तिथे तो फारसा करत नाहीत. नेहमीच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये एपीटीची भर चार-पाच मिनिटांची. त्या मिनिटांत डोकं हललं तर तेवढा भाग परत करावा लागतो, म्हणून खोकला असेल तर आधीच सांगा.

सुरक्षिततेचे नियम कोणत्याही एमआरआयचेच. पेसमेकर, कानातलं यंत्र, शरीरातल्या क्लिप यांची माहिती द्या. आपल्याकडच्या पुरुषांसाठी खास सूचना म्हणजे कमरेचा करगोटा. त्यात चांदीची पेटी किंवा ताईत असेल तर घरीच काढून ठेवा, मशीनच्या दारात सोडायला गाठ सुटत नाही. एपीटीत रेडिओलहर जास्त वेळ चालू राहते, त्यामुळे किंचित ऊब जाणवू शकते. डोक्यासाठी किलोमागे ३.२ वॉटची मर्यादा ठरलेली आहे आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये मशीन ती ओलांडू देत नाही.

१४. आईचे गुडघे गेलेत. सेस्टने कूर्चा तपासता येते असं वाचलं. इथे होईल का?

ज्याबद्दल वाचलंत तो गॅगसेस्ट. कूर्चेत ग्लायकोसअमिनोग्लायकॅन नावाचे लांब रेणू असतात. पाणी धरून ठेवून ते कूर्चेला उशीसारखी करतात. झीज सुरू झाली की हे रेणू आधी कमी होतात, कूर्चा पातळ दिसते ती नंतर. म्हणजे हे रेणू मोजता आले तर झीज फार लवकर पकडता येईल. २००८ मध्ये ही पद्धत मांडली गेली तेव्हा त्यामुळेच फार उत्साह होता.

घोडं अडलं ते अंतरावर. या रेणूंचे हायड्रॉक्सिल प्रोटॉन पाण्यापासून फक्त १ पीपीएम दूर. ३ टेस्लावर ते अंतर १२८ हर्ट्झ आणि त्यांच्या फेऱ्या सेकंदाला हजारभर. बोट इतकी जलद आणि खाडी इतकी अरुंद की दाभोळ कुठे संपलं आणि धोपावे कुठे सुरू झालं तेच कळत नाही. भौतिकीच्या भाषेत, अदलाबदलीचा वेग वारंवारितेतल्या अंतरापेक्षा कमी असला पाहिजे, तरच दोन जागा वेगळ्या दिसतात. अमाइडचं तसं नाही, ३.५ पीपीएमचं रुंद पात्र आणि फेऱ्या फक्त ३०. म्हणून ३ टेस्लावर एपीटी चालतो आणि गुडघ्याचा गॅगसेस्ट जवळजवळ हाती लागत नाही. ७ टेस्लावर १ पीपीएम म्हणजे २९८ हर्ट्झ, तिथे जमतं. ग्लुटामेटचा ग्लुसेस्टही याच कारणाने ७ टेस्लावरच खुलतो.

आयुष्यभर भाताची लावणी केलेल्या आणि जांभ्याच्या पायऱ्या चढलेल्या गुडघ्याला आज एक्स-रे, साधा एमआरआय आणि हाडांच्या डॉक्टरांची बोटं पुरेशी आहेत. सेस्टसाठी प्रवास करू नका.

१५. एका सेंटरला ३.१ टक्के आलं, दुसऱ्याला १.९. गाठ कमी झाली का?

दोन सेंटरचे आकडे असतील तर यावरून काही म्हणता येत नाही. हा प्रश्न येतो तेव्हा मला रिपोर्ट लिहिणाऱ्यांचा थोडा रागच येतो, कारण दशांश चिन्हानंतरचा आकडा छापला की वाचणाऱ्याला तो रक्तातल्या साखरेसारखा पक्का वाटतो.

एपीटीचा आकडा एकाच गोष्टीचं माप नाही, म्हणून त्याच्या पूर्ण नावात "वेटेड" असा शब्द असतो. तो ठरतो प्रोटीनच्या प्रमाणावर, पीएचवर, तापमानावर, पाण्याच्या टी-वनवर, आणि त्याशिवाय मशीनवाल्याने ठरवलेल्या गोष्टींवर, म्हणजे रेडिओलहर किती जोराची आणि किती वेळ. एकाने २ मायक्रोटेस्ला दोन सेकंद लावला आणि दुसऱ्याने त्याहून कमी वेळ, तर पेशंट तोच असूनही आकडा वेगळा. मेंदूच्या गाठींसाठी ३ टेस्लावर २ मायक्रोटेस्ला वापरावा, असं २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून सुचवलं ते याच गोंधळामुळे.

त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला, डाय देण्याआधी काढलेले दोन स्कॅन असतील तर तुलना करा. तीही गाठीच्या आकड्याची विरुद्ध बाजूच्या निरोगी भागाशी वजाबाकी करून.

१६. निरोगी मेंदूचा आकडा उणे येतो. प्रोटीन उणे कसं असेल? (टेक्निशियनचा प्रश्न)

प्रोटीन उणे नाही, वजाबाकी उणे आहे. रेडिओलहर पाण्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे थोडी थोडी सरकवत पाण्याचा उरलेला सिग्नल मांडला की जो आलेख मिळतो तो झेड-स्पेक्ट्रम. मधोमध पाण्याची खोल दरी, अधिक ३.५ ला अमाइडची लहान खळगी. पाण्यालाच थेट बसलेला फटका दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तो काढून टाकायला उणे ३.५ च्या सिग्नलमधून अधिक ३.५ चा वजा करून सॅच्युरेशन न लावता मिळणाऱ्या सिग्नलने भागतात. यालाच एमटीआर असिमेट्री म्हणतात.

हिशेब नीटनेटका आहे, पण उणे ३.५ ही जागा रिकामी नाही. तिथे चरबीचे आणि प्रोटीनच्या कार्बनला चिकटलेले प्रोटॉन असतात. प्रश्न २ मध्ये मी ते "थेट" येत नाहीत म्हटलं होतं ते यासाठी. न्यूक्लियर ओव्हरहाउजर परिणामाने, म्हणजे जागा न बदलता शेजारच्या प्रोटॉनकडे खूण सरकवून, तेही पाण्याचा सिग्नल खाली ओढतात. शिवाय पडद्यांना बांधलेल्या प्रोटॉनचा रुंद परिणामही दोन्ही बाजूंना अगदी सारखा नसतो. दोन्ही मिळून पारडं उण्याकडे झुकतं. स्तनासारख्या चरबीच्या अवयवात तर चरबी नेमकी याच जागी येऊन सगळा हिशेब बिघडवते, तिथे फॅट सप्रेशन नीट झाल्याशिवाय आकड्याकडे बघूही नका.

आणि उणे आकडा अर्ध्याच मेंदूत येत असेल तर आधी शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) तपासा. ३ टेस्लावर चुंबकीय क्षेत्र ०.१ पीपीएमने सरकलं तरी दरीची भिंत १३ हर्ट्झने सरकते आणि वजाबाकीत खोटं लाल-निळं उमटतं. फील्ड मॅपने किंवा वॉसरने (पाण्याची नेमकी वारंवारिता शोधणारं छोटं स्कॅन) दुरुस्ती करा. डिफ्युजन आणि एफएमआरआय भरपूर चालवून मग एपीटी लावू नका. ग्रेडियंट तापलेले असतात आणि फील्ड वाहत जातं.

१७. अदलाबदल पकडायला सेस्ट सोडून दुसऱ्या पद्धती नाहीत का? आणि एमटी म्हणजे हेच का?

एमटी (मॅग्नेटायझेशन ट्रान्स्फर) सेस्टचा मोठा भाऊ, पण वेगळा. त्यात पेशीच्या पडद्यांना आणि मायलिनला (मज्जातंतूंवरचं आवरण) घट्ट बांधलेल्या प्रोटॉनकडून खूण येते. त्यांची वारंवारिता इतकी पसरट की धक्का एक नसतोच, सगळा किनाराच धक्का. म्हणून तो सेस्टच्या प्रत्येक मोजणीत मागून येऊन मिसळतो.

फेऱ्या फार जलद असतील तर स्पिन-लॉक पद्धत बरी. तिच्यात पाण्याचं चुंबकत्व रेडिओलहरीने एका दिशेला बांधून ठेवतात आणि ते किती लवकर घसरतं ते पाहतात. त्या घसरण्याच्या काळाला टी-वन-रो म्हणतात. ग्लुकोजसारख्या घाईच्या गटांसाठी ती सेस्टपेक्षा जास्त संवेदनशील, पण कोणत्या रेणूचा परिणाम हे ओळखायला कमी पडते. तिसरी फ्लेक्स, २०१० ची. तिच्यात गुलालाऐवजी प्रत्येक धक्क्यावरून येणाऱ्याला वेगळ्या तालाची खूण देतात आणि नंतर ताल वेगळे करतात. डोक्याने फार सुंदर, दवाखान्यात क्वचित.

आणि या सगळ्याचं गणित १९५८ च्या ब्लॉख-मॅक्कॉनल समीकरणांत आहे. ब्लॉखची समीकरणं घ्या, त्यात अदलाबदलीची दोन पदं वाढवा आणि संगणकावर सोडवा. दाभोळची २५० माणसं तुमची तुम्हाला सापडतील.

१८. सीटीची डाय एमआरआयमध्ये पीएच मोजायला वापरतात, हे खरं?

खरं. आयोपॅमिडॉल ही सीटीची आयोडीनवाली डाय. तिच्या रेणूत दोन प्रकारचे अमाइड प्रोटॉन आहेत, एक ४.२ पीपीएमला, दुसरा ५.५ ला. दोघांची अदलाबदल पीएचप्रमाणे वेगवेगळी बदलते. दोघांचं गुणोत्तर घेतलं की डाय किती पोचली हा प्रश्नच गळून पडतो आणि फक्त पीएच उरतो. प्रश्न ३ च्या शेवटी सांगितलेली अडचण इथे हुशारीने सोडवलीय. मूत्रपिंड आणि गाठींवर माणसांतही हे करून पाहिलंय, पण नेहमीच्या तपासणीत ते अजून आलेलं नाही.

१९. आम्ही फिजिक्सचे विद्यार्थी आहोत. ओळखीच्या सेंटरला रविवारी अर्धा तास मशीन मिळेल. काय करून बघू?

अंडी घेऊन जा. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक एका प्लास्टिकच्या नळीत, उकडलेल्याचा दुसरीत, मिठाचं पाणी तिसरीत. बुडबुडा राहू देऊ नका, त्याच्याभोवती फील्ड बिघडतं. तिन्ही नळ्या पाण्याच्या डब्यात उभ्या करून झेड-स्पेक्ट्रम काढा. मिठाच्या पाण्यात अमाइड नाही, म्हणून दरी दोन्ही बाजूंना सारखी येईल. कच्च्या बलकात ३.५ ला खळगी दिसेल. उकडलेल्यात प्रोटीन तेवढंच, पण ते गोठून बांधलं गेलंय, म्हणून एमटी वाढून सगळा आलेखच खाली बसेल. प्रश्न १७ चा मोठा भाऊ तो हाच.

नळ्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून थेट मशीनमध्ये घालू नका. थंडीत अदलाबदल मंदावते, आणि स्कॅन चालू असताना नळी तापत गेली की पहिला आणि शेवटचा बिंदू दोन वेगळ्या तापमानांचे होतात. मशीनची खोली साधारण २० अंशांना असते, तिथे त्या तास-दोन तास आधीच ठेवा. सेंटरवाल्यांना आधी विचारा, नळ्यांची झाकणं घट्ट लावा आणि सोबत फडकं न्या. बलक कॉइलवर सांडला तर पुढचा रविवार मिळणार नाही.